उम्मे उमारा यांच्यावर मराठीतून व्याख्यान कसे बांधावे

प्रेषित मुहम्मदांच्या सहवासातल्या स्त्रियांपैकी, म्हणजे सहाबियांपैकी, एखादीच्या धैर्यावर बोलायचे ठरले की उम्मे उमारा यांचे नाव लगेच पुढे येते, आणि व्याख्यान बहुधा पहिल्याच वाक्यात फसते. वक्ता सुरुवातीलाच त्यांच्या हाती तलवार देतो आणि पुढचा अर्धा तास ती नुसती फिरत राहते. त्या कुठे उभ्या होत्या, तिथे का थांबल्या, तलवार हाती येण्याआधी त्यांच्या हातात काय होते, हे श्रोत्यांना कळतच नाही. म्हणून व्याख्यानाची बांधणी आधी ठरवावी. इथले मोजमाप सीरतच्या, म्हणजे प्रेषितचरित्राच्या, जलशातल्या किंवा महिलांच्या इज्तिमातल्या, म्हणजे मेळाव्यातल्या, 30 मिनिटांच्या भाषणाचे आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्यातून काय काढायचे ते शेवटी दिले आहे.

सगळ्या भाषणाला धरून ठेवणारा शब्द एकच आहे: जागा. मक्केच्या कुरैश टोळीशी झालेल्या उहुदच्या लढाईच्या दिवशी 50 तिरंदाजांना एक जागा नेमून दिली होती आणि काहीही झाले तरी ती सोडू नका असे बजावले होते. त्यांतल्या बहुतेकांनी ती सोडली. उम्मे उमारांना लढाईत कुणीच जागा नेमून दिलेली नव्हती. त्यांनी ती स्वतः घेतली आणि शरीरावर बारा-तेरा जखमा होईपर्यंत सोडली नाही. हे सूत्र डोक्यात पक्के असेल तर कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे ठरवणे सोपे जाते.

नाव आणि नात्यांचा गुंता

पूर्ण नाव नुसैबा बिन्त कअब. ‘बिन्त’ म्हणजे मुलगी, ‘इब्न’ म्हणजे मुलगा. मिश्र सभेत हे एकदा सांगून टाकावे. घराणे मदीनेच्या खजरज टोळीतले, बनू नज्जारचे. ‘उम्मे उमारा’ ही त्यांची कुनिया, म्हणजे अपत्याच्या नावावरून पडलेले आदराचे नाव. ‘उमारा’तला ‘मा’ लांब उच्चारा. तो आखूड झाला की ऐकणाऱ्याला ‘उमरा’ ऐकू येते आणि लोकांच्या मनात मक्केची यात्रा सुरू होते.

दोन मोठ्या चुका इथेच होतात. नुसैबा नावाच्या आणखी एक अन्सारी, म्हणजे मदीनेतल्या मुसलमान, सहाबिया आहेत, उम्मे अतिया. प्रेषितांच्या कन्येच्या पार्थिवाला गुस्ल, म्हणजे अंत्यस्नान, देण्याची हदीस (प्रेषितांच्या वचन-वर्तनाची नोंद) त्यांची आहे, उम्मे उमारांची नाही. दुसरी चूक मुलाच्या नावाची. उम्मे उमारांचे पुत्र अब्दुल्लाह इब्न जैद इब्न आसिम. वुजू, म्हणजे नमाजआधीचे हातपाय-तोंड धुणे, कसा करावा हे करून दाखवणारी प्रसिद्ध हदीस त्यांची. अजानचे शब्द स्वप्नात ऐकणारे अब्दुल्लाह इब्न जैद वेगळे, त्यांच्या आजोबांचे नाव अब्दे रब्बिही. नुसते ‘अब्दुल्लाह इब्न जैद’ म्हणून सोडून दिले की सभेतला एखादा जाणकार हमखास बोट ठेवतो, आणि त्याचे बरोबर असते.

त्यांचे दोन विवाह झाले. जैद इब्न आसिम यांच्यापासून अब्दुल्लाह आणि हबीब हे पुत्र. दुसरे पती गजिया इब्न अम्र. उहुदच्या वेळी सोबत कोणते पती होते याबद्दल जुने ग्रंथ एकमुखी नाहीत. भाषणात ‘पती आणि दोन मुलांसह’ एवढे म्हटले की पुरते.

कागदावर आधी काय मांडायचे

एका पानावर चार तारखा लिहा. अकबाच्या घाटीतली दुसरी बैअत (प्रेषितांना दिलेला शब्द), इ.स. 622, हिजरतीच्या, म्हणजे प्रेषितांनी मक्का सोडून मदीनेला जाण्याच्या, काही महिने आधी. उहुदची लढाई, शव्वाल हिजरी 3, म्हणजे मार्च 625. हुदैबियाचा करार, हिजरी 6. मुसैलिमाविरुद्धची यमामाची लढाई, हिजरी 11-12, म्हणजे इ.स. 632-33. खैबर आणि हुनैन या मोहिमांतही त्या होत्या, पण 30 मिनिटांत ही सगळी नावे घेतली तर यादी होते. त्यांचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे जा.

आकडे एकदा नीट पाठ करून ठेवा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा आकड्यांतच होतो. अकबात 73 पुरुष आणि 2 स्त्रिया. उहुदला कुरैश 3000, त्यांच्याकडे 200 घोडे. मुसलमान 1000 निघाले, वाटेतून अब्दुल्लाह इब्न उबय 300 जणांना घेऊन परत फिरला, उरले 700. तिरंदाज 50. शहीद 70. उम्मे उमारांच्या उहुदच्या जखमा 12 किंवा 13. यमामाच्या जखमा वेगळ्या: तिथे एक हात गेला आणि त्याशिवाय 11 जखमा; एका ग्रंथात 12 म्हटले आहे. बारा हा आकडा दोन्हीकडे येत असल्यामुळे वक्ते दोन्ही लढाया एकात मिसळतात आणि उहुदलाच हात तुटला असे सांगून मोकळे होतात. हात यमामात तुटला. उहुदला खांद्याला जखम झाली.

कोणत्या गोष्टीवर किती भार द्यायचा

उम्मे उमारांची माहिती सगळी एकाच तोलाची नाही. तिरंदाजांना दिलेला आदेश, त्यांनी जागा सोडणे, प्रेषितांना झालेल्या जखमा हे बुखारी या हदीससंग्रहात आहे. उम्मे उमारा स्वतः उहुदची हकीकत सांगतात तो प्रसंग इब्न हिशाम यांच्या सीरतमध्ये आहे. मुलाच्या हाताला पट्टी बांधणे, घोडेस्वाराशी झुंज, ढालीचा प्रसंग हे तपशील चरित्रकार इब्न सअद यांनी नोंदवले आहेत आणि ते मुख्यतः वाकिदी या इतिहासकाराकडून आलेले आहेत. हदीसशास्त्राचे विद्वान वाकिदींना भरवशाचे मानत नाहीत. इतिहासाच्या तपशिलासाठी मात्र त्यांचा आधार शतकानुशतके घेतला गेला आहे.

याचा अर्थ हे प्रसंग गाळावेत असा नाही. वाक्यरचना बदलावी एवढेच. पहिल्या प्रकारासाठी ‘हदीसमध्ये आहे’ म्हणा. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी ‘सीरतच्या ग्रंथांत येते’ म्हणा. ग्रंथाचा पत्ता नसलेली आणि कुठल्यातरी भाषणात ऐकलेली गोष्ट सांगूच नका, कितीही सुंदर असली तरी. ‘प्रेषितांनी फरमावले’ हे शब्द फार जड आहेत. ते तोंडातून निघण्याआधी प्रत्येक वेळी थांबून खात्री करा.

अशीच एक गफलत चादरीची. खलीफा हजरत उमर यांच्याकडे वस्त्रे आली, त्यांतली एक उत्तम चादर त्यांनी उहुदची सेवा आठवून एका अन्सारी स्त्रीला दिली. बुखारीच्या हदीसमध्ये ती स्त्री उम्मे सलीत आहेत, कारण त्या उहुदला पाण्याच्या मसका वाहून आणत होत्या. इब्न सअद यांच्याकडे याच धर्तीचा प्रसंग उम्मे उमारांच्या नावावर आहे. सांगायचाच असेल तर ‘सीरतच्या ग्रंथांत’ म्हणून सांगा, बुखारीचे नाव जोडू नका. आमच्या मते तो गाळलेलाच बरा. भाषण त्याच्यावाचून काही अडत नाही.

सुरुवात: व्रणापासून

पहिली तीन मिनिटे. साअद इब्न रबी उहुदला शहीद झाले. त्यांची मुलगी उम्मे साअद मोठी झाल्यावर एकदा उम्मे उमारांकडे गेली आणि म्हणाली, मावशी, त्या दिवसाची हकीकत सांगा. उम्मे साअद पुढे सांगतात की त्यांच्या खांद्यावर एक खोल, पोकळ पडलेला व्रण दिसला. हा कुणी केला, असे विचारल्यावर उत्तर आले: इब्न कमियाने.

यापेक्षा चांगली सुरुवात शोधून सापडणार नाही. विचारणारी मुलगी त्याच रणांगणावर वडील गमावलेली. सांगणारी बाई स्वतः तिथे उभी राहिलेली. आणि मधे तो व्रण. इथे काही भर घालू नका, डोळ्यांत पाणी आले वगैरे म्हणू नका. व्रणावर थांबा आणि मागे अकबाकडे जा.

अकबा: शब्द काय दिला होता

चार मिनिटे. हजच्या दिवसांत, रात्री, मिनाजवळच्या घाटीत यस्रिबची, म्हणजे पुढच्या मदीनेची, माणसे प्रेषितांना भेटायला गुपचूप जमली. बैअत म्हणजे हात देऊन दिलेला शब्द. मराठीत ‘शपथ’पेक्षा ‘शब्द देणे’ जास्त नेमके बसते, कारण शब्द पाळायचा असतो आणि तो मोडला की माणसाचीच पत जाते. स्त्रियांनी हात न देता, तोंडी शब्द दिला.

आता शब्द कोणता, ते सावकाश सांगा. ज्यापासून तुम्ही आपल्या बायकामुलांना वाचवता, त्यापासून मला वाचवाल, असा तो शब्द होता. त्या घाटीत दोन बायका उभ्या होत्या. शब्दाचे माप ज्यांच्या नावाने घातले जात होते, त्यांच्यापैकीच त्या. पुरुषांनी आपल्या स्त्रियांना जपावे तसे प्रेषितांना जपायचे होते. आणि तीन वर्षेही पुरी व्हायच्या आत, पुरुष पांगलेले असताना, तो शब्द त्या दोघींपैकी एकीने पाळला. हा धागा तुम्ही इथे लावून ठेवला तर उहुदच्या प्रसंगात त्याची आठवण करून द्यावी लागत नाही, श्रोते आपोआप जोडतात.

उहुद: नकाशा आधी, प्रसंग मग

ही पंधरा मिनिटे म्हणजे भाषणाचा गाभा. त्यातली पहिली पाच नकाशाला द्या. फळा असेल तर खडू घ्या, नसेल तर टेबलावरच्या चार वस्तू पुरतात. वर आडवी रेघ ओढा: उहुदचा डोंगर, मस्जिदे नबवीपासून उत्तरेला साधारण 5 किलोमीटर. अगदी खाली एक वर्तुळ: मदीना. डोंगराच्या पायथ्याशी मुसलमानांची रांग, पाठ डोंगराकडे, तोंड मदीनेकडे. रांगेपासून थोडे खाली एक छोटा उंचवटा: तिरंदाजांची टेकडी, आजही तिला जबले रुमात म्हणतात. मग खालिद इब्न वलीद यांच्या घोडदळाचा बाण काढा, टेकडीला वळसा घालून मागून येणारा. खालिद त्या वेळी कुरैशकडून लढत होते.

एवढेच काढा. छावण्या, ओढे, कोण कुठून आले यांची गर्दी केली की टेकडी हरवते, आणि टेकडी हरवली की सगळे हरवते.

तिरंदाजांचे नायक अब्दुल्लाह इब्न जुबैर. त्यांना दिलेला आदेश हदीसमध्ये आहे: पक्षी आमचे लचके तोडताना दिसले तरी मी बोलावीपर्यंत जागा सोडू नका. कुरैश मागे हटू लागले, रणात सामान पडलेले दिसले, आणि लढाई संपली असे समजून बहुतेक तिरंदाज खाली उतरले. अब्दुल्लाह इब्न जुबैर आणि दहाहून कमी जण राहिले आणि तिथेच शहीद झाले.

इथे सावध राहा. धागा जुळतो म्हणून वक्ता तिरंदाजांवर तुटून पडतो, त्यांना लोभी म्हणतो. तेही सहाबीच होते आणि त्या दिवशी पाठ फिरवणाऱ्यांना अल्लाहने माफ केल्याचे कुरआनच्या आले इमरान सूरेत, 155व्या आयतीत स्पष्ट आहे. ज्याची माफी झाली त्यावर आपण व्यासपीठावरून खटला चालवायचा नाही. ‘जागा सुटली’ एवढे म्हणा, ती माफी त्याच दमात सांगा आणि पुढे चला.

मसक ते तलवार

पुढची दहा मिनिटे. सकाळी उम्मे उमारा रणात आल्या त्या पाण्याची मसक घेऊन. जखमींना पाणी पाजायचे आणि पट्ट्या बांधायच्या, हे काम. ‘पखाल’ म्हणण्याचा मोह होईल, पण पखाल ही जनावराच्या पाठीवर लादायची मोठी थैली. माणसाच्या खांद्यावरची ती मसक. आजच्या मुलांना दोन्ही शब्द ठाऊक नसतात, म्हणून ‘बकऱ्याच्या कातड्याची पाण्याची पिशवी’ असे एकदा सांगा. हजरत आयशा आणि उम्मे सुलैम याही त्या दिवशी पाठीवर मसका वाहत होत्या, हे हदीसमध्ये आहे. पाणी देणे हे तिथे दुय्यम काम नव्हते. ते तसे वाटू देऊ नका, नाहीतर तलवार हाती घेतली तेव्हा कुठे बाई मोठी झाली असा चुकीचा अर्थ निघतो.

मग पारडे फिरते. रांग विस्कटते. उम्मे उमारांच्याच तोंडी येते की प्रेषितांजवळ दहाही माणसे उरली नव्हती. त्या, त्यांची मुले आणि पती पुढे सरकले. कमरेला वस्त्र कसून बांधलेले. हातात ढालही नाही. एक माणूस ढाल घेऊन मागे हटत होता. प्रेषितांनी त्याला सांगितले की लढणाऱ्यासाठी तुझी ढाल टाकून जा. त्याने टाकली, उम्मे उमारांनी उचलली. हा छोटा प्रसंग वगळू नका. जाणारा आणि राहणारी, दोघांच्या मधे जमिनीवर पडलेली ढाल. तुमचे सूत्र इथे डोळ्यांना दिसते.

पुढे एक घोडेस्वार येतो. त्याचा वार त्या ढालीवर घेतात आणि तो वळतो तेव्हा घोड्याच्या मागच्या पायावर घाव घालतात. घोडा कोसळतो. प्रेषित हाक मारतात: उम्मे उमाराच्या मुला, तुझी आई, तुझी आई! मुलगा धावून येतो. इथे त्यांचेच एक वाक्य जोडा, कारण त्यातून लढाई समजते: आम्हाला नडले ते घोडेस्वार; तेही आमच्यासारखे पायी असते तर आम्ही निभावले असते. नकाशावरचा तो बाण आणि 200 घोड्यांचा आकडा तुम्ही आधी दिला असेल तर हे वाक्य थेट जाऊन बसते. न दिला असेल तर वाया जाते.

अब्दुल्लाहच्या डाव्या दंडाला जखम होते, रक्त थांबत नाही. आईच्या कमरेला पट्ट्या खोचलेल्या असतात, सकाळच्या कामासाठी आणलेल्या. ती एक काढते, जखम बांधते आणि म्हणते, ऊठ बाळा, लढ. प्रेषित म्हणतात: उम्मे उमारा, तू जे सोसतेस ते सोसायची ताकद कुणात आहे? व्याख्यानात इथे आवाज चढवायचा नसतो, उतरवायचा असतो. पट्टी बांधणारा हात आणि तलवार धरणारा हात एकच आहे. सकाळचे काम त्यांनी टाकलेले नाही, त्यात दुसरे काम येऊन मिळाले.

शेवटी इब्न कमिया. मुहम्मद कुठे आहेत, ते वाचले तर मी वाचू नये, असे ओरडत तो येतो. वाटेत आडवे होतात मुसअब इब्न उमैर, उम्मे उमारा आणि आणखी काही जण. तो खांद्यावर वार करतो. त्याही त्याच्यावर वार करतात, पण त्या देवाच्या शत्रूच्या अंगावर दोन चिलखते होती, असे त्या उम्मे साअदला सांगतात. म्हणजे वार लागला पण लागू पडला नाही. त्यांनी त्याला मारले असे सांगणारे भाषण खोटे आहे. त्यांनी स्वतः तसे म्हटलेले नाही. सुरुवातीचा व्रण इथे येऊन मिळतो. मुसअब त्याच दिवशी इब्न कमियाच्या हातून शहीद झाले.

‘फक्त त्या एकट्याच उरल्या होत्या’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. हजरत तल्हा यांचा हात त्या दिवशी वार झेलून कायमचा निकामी झाला. अबू दुजाना यांनी आपल्या पाठीची ढाल केली. साअद इब्न अबी वक्कास बाण मारत होते. एकीला मोठे करायला बाकीच्यांना पुसावे लागत नाही.

दुसरा दिवस आणि यमामा

खांद्याची जखम बरी व्हायला वर्ष लागले. दुसऱ्याच दिवशी हमराउल असदकडे निघण्याची हाक आली, मदीनेपासून आठेक मैलांवर. त्यांनी निघायला म्हणून कपडे कसले, पण रक्त वाहत राहिल्याने जाता आले नाही. परत आल्यावर प्रेषितांनी त्यांचे भाऊ अब्दुल्लाह इब्न कअब यांना विचारपूस करायला पाठवले. तीन मिनिटांत हे पुरे.

यमामाला चार मिनिटे. मुसैलिमाने नबी असल्याचा दावा केला होता. हबीब, त्यांचा दुसरा मुलगा, त्याच्या हाती सापडला. मुहम्मद अल्लाहचे रसूल आहेत अशी साक्ष देतोस? हो. मीही रसूल आहे अशी साक्ष देतोस? मला ऐकू येत नाही. प्रत्येक वेळी हेच उत्तर, आणि त्याचा एकेक अवयव कापून जीव घेतला. लहान मुले समोर असतील तर ‘हाल करून मारले’ एवढेच म्हणा. निष्ठा ‘मला ऐकू येत नाही’ या उत्तरात आहे. कापण्याचे वर्णन रंगवले तर मुले तेच घेऊन घरी जातात.

मग त्या वयातही त्या यमामाला गेल्या. सेनापती होते खालिद इब्न वलीद: उहुदला टेकडीमागून घोडदळ घेऊन आलेले तेच. या एका वाक्यावर श्रोते स्वतःच चमकतात, त्यामुळे ते सांगून गप्प राहा. हात तिथे गेला. मुसैलिमाला मारण्यात अब्दुल्लाहचा वाटा होता, पण पहिला भाला मुसलमानांच्या बाजूने लढणाऱ्या वहशींचा. श्रेय एकट्या मुलाला देऊ नका. परतल्यावर खलीफा हजरत अबू बक्र त्यांची विचारपूस करायला येत असत.

भाषा आणि अदब

स्त्रीसाठी ‘रजियल्लाहू अन्हा’, पुरुषासाठी ‘अन्हु’, अनेकांसाठी ‘अन्हुम’. सवयीने उम्मे उमारांपुढे ‘अन्हु’ म्हणणारे खूप आहेत. मिश्र सभेत पहिल्या वेळी पूर्ण म्हणा आणि अर्थ सांगा: अल्लाह त्यांच्यावर प्रसन्न होवो. क्रियापदे आदरार्थी अनेकवचनात ठेवा: त्या उठल्या, त्या लढल्या. ओघात ‘ती उठली, ती लढली’ होते. आई-मुलाच्या संवादात ते खपते, निवेदनात खपत नाही. ‘प्रेषित’ आणि ‘पैगंबर’ दोन्ही मराठीत रुळलेले आहेत, एकच निवडा.

सहाबींची चित्रे, वेष, अभिनय नको. पडद्यावर काही दाखवायचे असेल तर आजच्या उहुदचे छायाचित्र, नकाशा, किंवा मसक आणि ढालीचे रेखाचित्र. मसक कुणाकडे जुनी मिळाली तर ती टेबलावर ठेवा. चित्रांपेक्षा ती जास्त काम करते.

मराठी सभेत झाशीच्या राणीची तुलना फार लवकर जिभेवर येते. ती टाळावी. राणीकडे राज्य होते, फौज होती, नेतृत्व तिचेच होते. उम्मे उमारा पाणी पाजायला आलेल्या एका घरातल्या आई होत्या, आणि त्यांचे धैर्य नेमके या साधेपणामुळे कळते. तुलना केली की दोघींचेही वेगळेपण पुसले जाते.

प्रश्न येतात ते

इस्लाममध्ये स्त्रिया लढायला जात का, हा पहिला. उत्तर सरळ द्या: नेहमीचे काम पाणी आणि शुश्रूषा, उम्मे उमारांचे लढणे प्रसंगाने ओढवलेले, पण प्रेषितांनी त्याबद्दल त्यांचे कौतुक केले, त्यांना हटकले नाही. उजवीकडे-डावीकडे वळलो तरी ती माझ्यासाठी लढताना दिसली, हे प्रेषितांचे वचन याच ठिकाणी येते, ‘सीरतच्या ग्रंथांत’ असे म्हणून. दुसरा प्रश्न कुरआनचा असतो. तिर्मिजी या हदीससंग्रहात हदीस आहे की उम्मे उमारांनी प्रेषितांना विचारले, सगळीकडे पुरुषांचाच उल्लेख दिसतो, स्त्रियांचा का नाही. त्यावर अहजाब सूरेतली 35वी आयत उतरली, ज्यात मुस्लिम पुरुष आणि मुस्लिम स्त्रिया, धीर धरणारे आणि धीर धरणाऱ्या, असे दोघांचे उल्लेख जोडीने येतात. हाच प्रश्न उम्मे सलमा यांच्या नावानेही हदीसमध्ये आला आहे, तेही सांगा. वेळ उरला तर ही आयत भाषणातच घ्यावी. महिलांच्या इज्तिमात तर घ्यावीच.

सात मिनिटांसाठी

स्पर्धेत मिनिटाला शंभरेक शब्दांपेक्षा जास्त वेग धरू नका. अरबी नावे ऐकणाऱ्याच्या कानात बसायला वेळ लागतो. म्हणजे मजकूर सुमारे 700 शब्द. यमामा, हुदैबिया, घोडेस्वार आणि नात्यांचा गुंता काढा. नावे चारच ठेवा: उम्मे उमारा, अब्दुल्लाह, खालिद, इब्न कमिया. नकाशा हाताने हवेत दाखवा, एक हात डोंगर, दुसऱ्या हाताची मूठ टेकडी. उरते ते असे: व्रण विचारणारी मुलगी, घाटीतला शब्द, सुटलेली टेकडी, मसक, ढाल, पट्टी, इब्न कमियाचा वार. शेवट दुसऱ्या दिवसावर करा. त्या कपडे कसून उठतात, रक्त थांबत नाही, जाता येत नाही. सैन्य परत येते. प्रेषित घरी जाण्याआधी त्यांच्या भावाला पाठवतात. भाऊ परत येऊन सांगतो की त्या ठीक आहेत, आणि प्रेषितांना आनंद होतो. एवढे सांगून सलाम करा आणि बसा.